हौसाची उंच लंगडी

एका गावाला नदी होती, नदीला वाळू होती आणि त्या वाळूत रोज संध्याकाळी उड्या मारणारी एक मुलगी होती. तिचं नाव हौसा. तिचे वडील सखाराम भोई नदीवर नाव चालवायचे. बाजार पलीकडच्या काठाला भरायचा, म्हणून नावेला दिवसभर माणसं असत. आता तिथं पूल झाला आहे. मोटारी भुर्रकन जातात, नदीकडे कुणी बघतही नाही. पण ही गोष्ट नावेच्या दिवसांतली आहे. तेव्हा माणसं काठावर बसून नावेची वाट बघत, आणि वाट बघता बघता पोरांचे खेळ बघत.

गावच्या शाळेत नलवडे गुरुजी गणित शिकवायचे. खेळाचे वेगळे शिक्षक शाळेला नव्हते, म्हणून खेळही तेच शिकवायचे. एका उन्हाळ्यात ते शिक्षकांच्या शिबिराला गेले आणि तिथं त्यांनी तिहेरी उडी पाहिली. मुलींसाठी हा खेळ तेव्हा नवाच होता. गुरुजींनी तो एकदाच पाहिला, पण डोळ्यांत साठवून आणला.

शाळा उघडली तशी त्यांनी नदीकाठच्या मैदानाच्या कडेला खड्डा खणायला घेतला. पोरांनी नदीची वाळू पाट्यांतून वाहून आणली. निम्मी वाटेतच सांडली. त्या वाळूत कधी शिंपले निघत, कधी एखादा चिडलेला खेकडा निघे, की सगळी शाळा ओरडत पळत सुटे. खड्डा भरला, लाकडाची फळी जमिनीत बसवली, आणि गुरुजींनी मुलींना गोळा केलं.

"पळत यायचं, फळीवर पाय मारायचा," ते म्हणाले. "ज्या पायानं उडाल त्याच पायावर पडायचं, ती लंगडी. तिथून दुसऱ्या पायावर, ती ढांग. आणि मग सगळा जीव एकवटून वाळूत, ती झेप. कळलं?"

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. हौसा मात्र पळत सुटली. लंगडीच्या खेळात ती कधी कुणाला सापडत नसे. एका पायावर ती अख्खं अंगण पालथं घालायची. फळीवर पाय पडताच ती अशी उंच उसळली, की गुरुजींची मान वर झाली.

"वा पोरी!" ते ओरडले. "अशीच. पहिली लंगडी उंच घे. जेवढी उंच जाशील, तेवढी लांब जाशील."

गुरुजींना मनापासून तसंच वाटत होतं, आणि गुरुजींना वाटलं ते हौसाला वाटलं. ती रोज उडू लागली. पहिल्या लंगडीत ती इतकी वर जायची, की काठावर बसलेली माणसं "गेली, गेली!" म्हणून उठून उभी राहत. पुढची ढांग आखूड पडे. पण अंगात ताकद एवढी होती, की शेवटच्या झेपेत ती सगळं भरून काढी. तालुक्याला ती पहिली आली, जिल्ह्यालाही पहिली आली. आसपासच्या गावांतून माणसं 'हौसाची उंच लंगडी' बघायला येत. जत्रेत कुस्त्यांच्या आधी तिला उडी मारायला लावत, आणि फेटेवाले पैलवान मांडी ठोकून तिला दाद देत. नावेत बसलेला परका माणूस विचारायचा, "ती उडणारी पोरगी तुमच्याच गावची का हो?" सखाराम वल्हं मारता मारता म्हणायचा, "माझीच हाय." आणि मग नाव थोडी जास्तच जोरात जायची.

ते दिवस असे गेले. सरावानंतर हौसाचा गुडघा ठणके. आई त्यावर आंबेहळदीचा लेप लावी. सकाळी दुखणं गेलेलं असे, निदान हौसा तसं म्हणे.

एका स्पर्धेत शहरातल्या क्रीडा वसतिगृहाच्या खर्डेकर बाईंनी तिला पाहिलं. स्वतः खेळाडू असलेल्या या बाई मोजकं बोलायच्या. त्या एसटीनं पलीकडच्या काठापर्यंत आल्या, नावेतून अलीकडे उतरल्या आणि सरळ शाळेत गेल्या.

"मुलगी माझ्याकडे द्या," त्या गुरुजींना म्हणाल्या. "हिच्यात पुष्कळ आहे."

बाईंच्या मागोमाग आलेल्या सखारामनं गुरुजींकडे बघितलं.  त्या उडीमुळे गावाला नाव होतं, आणि त्यांनाही होतं.

"घेऊन जा," ते म्हणाले. "माझ्याजवळ होतं तेवढं देऊन झालं." मग हौसाला म्हणाले, "तिथं गेल्यावर बाई सांगतील ते करायचं. आमचे गुरुजी असं सांगत, तसं सांगत, हे बोलायचं नाही."

वसतिगृहात पहिल्याच सकाळी बाईंनी हौसाला उडी मारायला सांगितलं. ती उंच उसळली. बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

"बघायला छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ही उडी लोकांसाठी आहे, वाळूसाठी नाही. सगळा वेग तू वर उधळतेस. पुढं न्यायला काही उरतच नाही." मग त्यांनी खाली बसून तिचा गुडघा हातानं चाचपला. हौसानं ओठ चावला. "आणि एवढ्या उंचावरून रोज या पायावर आदळतेस. अशीच उडत राहिलीस, तर हा गुडघा फार दिवस साथ देणार नाही. ही उडी विसर. पहिल्यापासून सुरुवात करायची."

विसर म्हणणं सोपं असतं. पायांना कसं विसरायला सांगायचं? लंगडी बुटकी घ्यायची, पण लांब. पाऊल आदळायचं नाही, खाली ओढून मागं सारायचं. ढांग घाईनं टाकायची नाही, हवेत तिला वेळ द्यायचा. हौसा फळीवर आली, की पाय आपोआप वर उसळायचे. ते दाबायला गेली, की ढांगेत तोल जायचा. कधी ती वाळूपर्यंतही पोचत नसे, मातीतच गुडघ्यावर पडे. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी आता वसतिगृहातल्या धाकट्या मुलींच्याही मागं पडू लागली. त्या तोंडावर हात ठेवून हसायच्या.

एका संध्याकाळी ती मैदानाच्या कठड्यावर बसून रडत होती. बाई शेजारी येऊन बसल्या.

"घरची आठवण येते?"

"येते," हौसा म्हणाली. "पण त्यासाठी नाही रडत. मला उडता येत होतं, बाई. आता काहीच येत नाही."

"येत नाही, हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "जुनं सुटलंय आणि नवं अजून हाती आलेलं नाही. या मधल्या दिवसांत फार एकटं वाटतं. पुष्कळ जण इथूनच परत फिरतात."

त्यांनी धीर दिला नाही, की त्या गोड बोलल्या नाहीत. पण अंधार पडेपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी हौसा पुन्हा फळीकडे गेली.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या स्पर्धा हौसाच्याच गावात ठरल्या. हौसामुळेच तो मान गावाला मिळाला होता. गावानं मैदान सारवल्यासारखं स्वच्छ केलं. खड्ड्यात नवी वाळू आली. फळीला पांढरा रंग दिला. लेझमाचं पथक तयार राहिलं, झेंडूचे हार ओवले गेले. सगळे हार हौसासाठीच होते, कारण दुसरं कुणी जिंकेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. इथं पहिली येणारी मुलगी राज्याच्या स्पर्धेला जाणार होती.

खर्डेकर बाईंना येता आलं नाही. हौसा निघताना त्या तिला एवढंच म्हणाल्या, "तिथं मी नसेन. कशी उडी मारायची ते तू ठरव."

हौसा मैदानात आली तेव्हा सगळं गाव ओळीनं बसलं होतं. सखारामनं त्या दिवशी नाव बांधून ठेवली होती. गुरुजी पंचांच्या मागं हाताची घडी घालून उभे होते.

पहिल्या उडीला हौसा पळत आली, फळीवर पाय मारला आणि बुटकी लंगडी घेतली. लोकांना कळेचना काय झालं. ती ढांगेत अडखळली आणि वाळूच्या अलीकडच्या काठाला कशीबशी पोचली. लेझीमवाल्यांतून कुणीतरी म्हणालं, "पायात काटा गेला का काय?" दुसरी उडीही तशीच झाली. आता लोक हसले.

"अगं, कोंबडी कुंपणावरनं उडती तशी काय उडतीस?" एक म्हातारा ओरडला. "तुझी ती उंच लंगडी दाखव की!"

"उंच लंगडी! उंच लंगडी!" पोरांनी गलका केला.

एकच उडी उरली होती. पलीकडच्या तालुक्यातली एक मुलगी पुढं होती. तिची उडी हौसाच्या जुन्या उडीपेक्षा आखूड होती. हे हौसाला दिसत होतं, आणि सगळ्या गावालाही दिसत होतं.

सरपंच गुरुजींजवळ गेले. "गुरुजी, तुम्ही सांगा तिला. तुमचा शब्द ती मोडायची नाही. गावाची शोभा होतीय."

गुरुजी मैदान ओलांडून हौसाजवळ आले. गलका थांबला. हौसाचे डोळे भरून आले होते.

"गुरुजी, जुनी उडी मारली तर मी आज जिंकेन," ती म्हणाली.

"जिंकशील," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही म्हणा, मारते."

गुरुजींनी विचारलं, "बाईंनी काय सांगितलंय?"

"लंगडी बुटकी घ्यायची."

"का म्हणून?"

हौसा घुटमळली. ज्यांनी उंच उडायला शिकवलं त्यांना हे कसं सांगायचं? पण गुरुजी वाट बघत होते. ती खाली मान घालून म्हणाली, "उंच गेलं की वेग तिथंच संपतो, गुरुजी. ढांगेला काही उरत नाही. आणि गुडघ्यावर आदळतं."

 गुरुजी गणिताचे शिक्षक होते. बरोबर उत्तर समोर आलं की त्यांना ते ओळखू येत असे. इतकी वर्षं आपण पोरीला काय शिकवलं, हे त्यांना त्या घटकेला कळलं. मागं सगळं गाव बसलं होतं. एक शब्द बोलले असते, तर पोरगी जिंकली असती, हार तिच्या गळ्यात पडले असते आणि गुरुजींचंच शिकवणं खरं ठरलं असतं.

"मग माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "फळीकडे बघ."

एवढं बोलून ते वळले आणि मैदानाबाहेर निघून गेले.

हौसानं डोळे पुसले. ती पळत आली आणि बुटकी लंगडी घेतली. ढांग आधीपेक्षा जरा बरी पडली. झेप घेतली. पंचांनी मोजलं. ती तिसरी आली.

लेझीम वाजलंच नाही. ओवलेले हार काय करायचे ते कुणाला कळेना. शेवटी ते परगावच्या मुलीच्या गळ्यात घातले, पण घालणाऱ्यांचे हात जड झाले होते. परतताना लोक बोलत होते, "शहरात जाऊन होतं तेबी घालवून आली." कुणी म्हणालं, "गुरुजींचं शिकवणं पुसून टाकलं पोरीनं. बघवलं नाही त्यांना, उठून गेले बिचारे."

ते बोलणं हौसाच्या कानावर पडलं. घरी आईनं भाकरी वाढली. सखाराम शेजारी बसला. त्यानं तिच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "पाय दुखतोय का?"

"नाही, तात्या."

"मागं दुखायचा."

"आता नाही दुखत."

"मग जेव," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या ताटातलं कालवण तिच्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेवरून गेली, पण आत जायचा धीर तिला झाला नाही. गुरुजी तिला निरोप द्यायला काठावर आले नाहीत. नाव पाण्यात गेली, तरी ती मागं वळून बघत होती.

ते वर्ष मोठं गेलं. सुट्टीत गावाकडची एक मैत्रीण शहरात आली, तेव्हा भेटली. ती म्हणाली, "गुरुजींनी उड्या शिकवणं बंद केलंय. पोरी मागं लागतात, पण ते नाहीच म्हणतात. खड्ड्यात गवत माजलंय."  आपण गुरुजींचं मन मोडलं, असं हौसानं मनात धरलं. त्या दुःखात ती उड्या मारत राहिली. दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतं.

आणि एका सकाळी, काही वेगळं न करता, ती फळीवरून निघाली आणि लंगडी बुटकीच पडली. पाऊल आदळलं नाही. ढांग लांब गेली, हवेत थांबल्यासारखी झाली, आणि झेपेला भरपूर वेग उरला. ती वाळूत बसली तेव्हा तिलाच कळेना, आपण एवढ्या पुढं कशा आलो. तिनं बाईंकडे बघितलं. मोजकं बोलणाऱ्या बाई तेव्हाही एवढंच म्हणाल्या, "आली." पण त्यांनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला, हे हौसानं पाहिलं.

त्या हिवाळ्यात हौसा जिल्ह्याला पहिली आली आणि राज्यालाही पहिली आली. तिची उडी तिच्या जुन्या उडीच्या कितीतरी पुढं होती. रेडिओवर तिचं नाव आलं. तेव्हा गावात मोजके रेडिओ होते. पण ज्यांच्याकडे होते त्यांनी ते आवाज चढवून दारात ठेवले, आणि बघता बघता बातमी नदीपर्यंत पोचली.

गावानं तिची मिरवणूक काढली. सखारामनं नाव फुलांनी सजवली. मागच्या वर्षी हसलेली माणसं आता सगळ्यांच्या पुढं नाचत होती. हौसा गर्दीत गुरुजींना शोधत होती. ते कुठंच दिसेनात. शाळा जवळ आली तशी ती मिरवणुकीतून बाहेर पडली आणि मैदानाकडे धावत गेली. लोकही काय झालं म्हणून मागं गेले.

गुरुजी खड्ड्याशी होते. धोतराचा काचा मारून, हातात खुरपं घेऊन ते गवत काढत होते. भाराभर उपटलेलं गवत कडेला पडलं होतं. बाजूला काही मुली नदीच्या वाळूच्या पाट्या रिकाम्या करत होत्या.

हौसा त्यांच्या पाया पडली. तिला रडू आवरेना. "गुरुजी, माझ्यामुळं तुम्ही शिकवणं सोडलंत. मी तुम्हाला दुखवलं."

गुरुजी चकित झाले. "कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले. "मी सोडलं ते वेगळ्या कारणानं. मला जे येत होतं ते चुकीचं होतं. बरोबर काय ते माहीत नव्हतं. चुकीचं शिकवायचं, आणि मग या पोरींनीही तुझ्यासारखं रडत ते विसरायचं? त्यापेक्षा न शिकवलेलं बरं. मी तुझी वाट बघत होतो."

"माझी?"

"हो. आता मला शिकव."

हौसा बघतच राहिली. गुरुजींचे केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा काढून एका मुलीच्या हातात दिला आणि ते फळीपासून लांब जाऊन उभे राहिले.

"गुरुजी, सगळं गाव बघतंय," हौसा हळूच म्हणाली.

"बघू दे. तुलाही बघत होतं."

मग हौसानं सावकाश चालत चालत पहिलं पाऊल दाखवलं. लंगडी बुटकी, पाऊल खाली ओढायचं, घाई नाही. गुरुजी पळत आले. सवयीनं त्यांचा पाय वर उसळला, ढांगेत तोल गेला, आणि ते कडेच्या गवतात आडवे झाले. सगळ्यांच्या तोंडून हसू फुटलं. लेझीमवाले हसले, सरपंच हसले, पोरी तर लोळू लागल्या. हौसा धावली.

गुरुजी उठून बसले. स्वतःही हसत होते. धोतरावरची माती झटकून ते पुन्हा मागं जाऊन उभे राहिले आणि वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा विचारतो तसं त्यांनी विचारलं, "कुठं चुकलं? पुन्हा दाखव."

तात्पर्य: येत असलेलं सोडून नवं शिकायला निघालेला माणूस काही दिवस जगाला अडाणी दिसतो. ते हसू जो सोसतो त्यालाच नवी विद्या लाभते, मग तो शिष्य असो की गुरू.